झाकली मूठ

(दृश्य: वर्गात गोल मांडलेल्या खुर्च्या. दोन मुलं समोरासमोर. एकाच्या हातात चेंडू. चेहरे दाखवलेले नाहीत, फक्त हात.)

तीस सेकंद. समोरच्याच्या मुठीतला चेंडू काढून घ्यायचा. एवढंच सांगितलंय.

(मूळ आवाज: खुर्च्या सरकतात, बुटांची करकर, हशा.)

एक एक बोट उलगडून बघतो. मनगट पिरगाळतो. शेवटी दोघेही जमिनीवर. मूठ काही उघडत नाही. वेळ संपते.

आता समुपदेशक विचारतो, "चेंडू दे, असं कुणी म्हटलं का?"

(शांतता. चार सेकंद काही बोलू नये.)

उत्तर जवळपास ठरलेलं. मागून तो देणार होता थोडाच! वर मलाच लेचापेचा समजला असता. मग तोच प्रश्न मूठवाल्याला: मागितला असता तर? तो खांदे उडवतो. दिला असता की. चेंडूच तर आहे.

हे शिकागो. 'बिकमिंग अ मॅन', सगळे म्हणतात 'बॅम'. 'यूथ गायडन्स' या संस्थेनं २००१ मध्ये सुरू केलेला, मुलांना हात उचलण्याआधी थांबून विचार करायला शिकवणारा उपक्रम. आठवड्यातून एक तास, तोही शाळेच्या वेळेत. म्हणजे एक तास अधिकृतपणे बुडवता येतो. मुलं येतात त्याचं तेही एक कारण, लपवायचं कशाला?

(दृश्य: फळ्यावर खडूनं काढलेल्या तीन चौकटी: प्रसंग, विचार, कृती.)

या चेंडूमागचं शास्त्र मात्र फिलाडेल्फियातलं. १९६० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ आरन बेक नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की मन खचण्याआधी एक विचार चमकून जातो. इतका झटकन, की तो आपला विचार आहे हेच कळत नाही. तेच सत्य वाटतं. 'मी कुचकामी आहे.' बेक या विचाराला पकडून त्याची उलटतपासणी घ्यायला शिकवत. १९८० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट रॉस आणि एलिझाबेथ फॅबियानो यांनी हीच वाट गुन्हा केलेल्यांसाठी वापरली. तिथे चमकणारा विचार वेगळा: 'हा माझ्याकडे असा का बघतोय?'

(दृश्य: लॅपटॉप. नऊ चौकटी, त्यातल्या पाच काळ्या.)

मार्च २०२०. शाळा बंद. गोल मोडून चौकटी आल्या. आज शरीर कसं आहे, डोकं कुठे आहे, मनात काय चाललंय, हे विचारणं स्क्रीनवरही जमतं.

(दृश्य: टॅबलेट. अंगठ्याचा क्लोजअप.)

अमेरिकेतल्या बऱ्याच तुरुंगांत आता असे धडे टॅबलेटवर मिळतात. 'भांडणाआधी तुमच्या मनात काय आलं?' खाली चार पर्याय. अंगठा तिसऱ्यावर टेकतो. पुढे. स्वस्त पडतं, आणि जिथे शिकवायला माणूसच नाही, तिथे हेही नसे थोडके. पण चेंडू? तो स्क्रीनमधून देता येत नाही. 'आधी मागून बघा' हा पर्याय तिथे लिहिलेलाच सापडतो. झटापट झालेलीच नसते, मग तो वाचून ओशाळायचं कुणी?

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 'बॅम'च्या समोरासमोरच्या वर्गांची तपासणी केली, मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून. उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. तो संपल्यावर फरक फारसा टिकला नाही.

(दृश्य: रिकामा वर्ग. खिडकीच्या कट्ट्यावर चेंडू.)

पुढचा गट दुपारी येईल. या मुलांना बजावलंय, त्यांना आधी काही सांगायचं नाही.