एकलहऱ्याचं पाणी, डेन्व्हरची विहीर

[दृश्य: पहाट. लांबून चिमण्या, टॉवरवर पांढरे लोट.]

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालं की औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. इथे 210 मेगावॅटचे तीन संच आहेत. कूलिंग टॉवरवरचे हे पांढरे लोट वाफेचे. पाणी उडून जातं, क्षार मात्र खालीच राहतात. घरच्या बंबात पांढरा थर धरतो ना, तसंच. क्षार फार साचले की यंत्रं खराब होतात, म्हणून त्यातलं थोडं पाणी सतत बाहेर काढावं लागतं. याला ब्लोडाउन म्हणतात. असे कूलिंग टॉवर असलेल्या कुठल्याही केंद्राला हे चुकत नाही.

मग हे खारं पाणी टाकायचं कुठे? गोदावरीत म्हणावं, तर खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा.

अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, काही वीज केंद्रं असं पाणी खोल विहिरीतून जमिनीच्या पोटात सोडतात. नळीच्या आत नळी, मधल्या फटीत सिमेंट, आणि पाणी उतरतं ते हजारो फूट खाली, पिण्याजोग्या पाण्याच्या सगळ्यात खालच्या थराच्याही खाली. तिथे आधीच खारं पाणी भरलेला सच्छिद्र चुनखडक आहे आणि त्याच्यावर घट्ट थर. इतकं करूनही फ्लोरिडातल्याच काही नगरपालिकांच्या विहिरींतलं सांडपाणी वर सरकल्याचं आढळलंय.

अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहराजवळची गोष्ट त्याहून धडकी भरवणारी. 1962 मध्ये तिथल्या रॉकी माउंटन आर्सेनल या लष्करी रासायनिक कारखान्याने 12,045 फूट खोल विहिरीत सांडपाणी दाबायला सुरुवात केली. त्याच वर्षी भूकंपाचे धक्के सुरू झाले. पाण्याच्या दाबाने खडकातल्या जुन्या भेगांची पकड सुटत होती. 1966 मध्ये पाणी सोडणं थांबवलं, तरी सगळ्यात मोठे धक्के बसले ते 1967 मध्ये.

[दृश्य: विहिरीत उतरणारा कॅमेरा. पायऱ्या, ओल, पारवे.]

आता आपली जमीन बघा. वर काळी माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे मऊ, सच्छिद्र खडक, आणि तळाशी काळा पाषाण. दगड टणक, पण भेगाळलेला. तो बघा झरा, बोटभर फटीतून येतोय. आपलं सगळं पाणी असल्याच फटींतून फिरतं.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. शेजारची मोटार तासभर चालली की आपल्या विहिरीचं पाणी उतरतं, हे त्याने दर उन्हाळ्यात बघितलेलं असतं. खालून वाट आहे. त्या वाटेने पाणी जातं, तसंच येतंही.

म्हणून मला भीती वाटते ती कोरड्या बोअरची. कारखान्याच्या कुंपणात, रात्री सांडपाण्याचा एक पाइप त्यात सोडला की झालं, वरून काहीच दिसत नाही. ना दुहेरी नळी, ना सिमेंट, ना तपासणी. हे सरळ बेकायदेशीर आहे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात भूगर्भातलं पाणीसुद्धा प्रवाहच मानलंय, आणि विहिरीत घाण सोडायलाही मनाई आहे. 2017 पासून गोड्या पाण्यावर नव्याने उभ्या राहणाऱ्या औष्णिक केंद्रांना तर सांडपाणी बाहेर न सोडण्याचीच अट आहे. पाणी आटवून क्षार कोरडे वेगळे काढायचे. खर्चिक आहे, पण तो खर्च वीज करणाऱ्यानेच सोसायला हवा, द्राक्षबागेने नाही.

[दृश्य: विहिरीच्या काठावर पुनर्भरणाचा खड्डा. दगड, खडी, वाळू.]

या विहिरीलाही वरून पाणी देतात, पावसाचं. तळाला दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर वाळू, अशा थरांतून गाळून. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी मालक आत घेत नाहीत, बांधावरून वळवून देतात.