पाचवा सेट

नागपूरचा मे. पहाटेचे साडेपाच. सक्करदऱ्यातल्या या जिमचं शटर अर्धंच वर गेलंय. दुपारी पारा 45 च्या वर जातो आणि छताचे पत्रे त्याच्या खूप आधी तापतात, म्हणून बेंच प्रेसचा दिवस, म्हणजे बेंचवर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलायचा दिवस, असा उजाडतानाच उरकायचा.

हा रॉड 20 किलोचा. आधी तो रिकामाच, दहा वेळा. मग 40 किलोवर पाच, 55 वर तीन, 65 वर एक. यात दमायचं नाही. खांदे, मनगटं जागी करायची, बस. आजचं खरं वजन 75: दोन्ही बाजूंना 20, 5 आणि अडीचची प्लेट. पाच सेट, प्रत्येकात सलग पाच रेप. रॉड एकदा खाली आणून वर नेला की एक रेप.

आता पाय बघा. टाचा जमिनीत घट्ट. खांद्यामागची दोन्ही हाडं एकमेकांकडे ओढून बेंचमध्ये रुतवलेली. अंगठा रॉडभोवती पूर्ण वळलेला, कारण घामट तळव्यातून रॉड निसटला की तो थेट छातीवरच येतो. कोपरं खांद्याच्या रेषेत फाकलेली नाहीत, बरगड्यांकडे झुकलेली आहेत. ती फाकवून मारत राहिलं की खांदा पुढून धरतो आणि महिने वाया जातात.

श्वास भरला. रॉड खाली, दोन सेकंदांत. छातीच्या खालच्या भागाला टेकला, उसळला नाही. वर जाताना तो सरळ जात नाही, किंचित डोक्याकडे वळतो आणि खांद्यांच्या वर येऊन थांबतो. रॉड जिथे अडतो ती जागा पार झाली की श्वास सुटतो. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास असा रोखू नये.

सेट झाला की तीन मिनिटं बसायचं. पुष्कळांना हा आळस वाटतो. पण जोराच्या कामाला स्नायू जे झटपट इंधन वापरतात, ते क्रिएटिन फॉस्फेट, भरून यायला एवढा वेळ लागतोच. मिनिटभरात उठलात तर पुढच्या सेटला दम टिकेल, ताकद नाही.

डोक्याशी उभ्या मित्राचे हात नीट बघा. रॉडच्या खाली आहेत, रॉडला लागलेले नाहीत. आपल्याकडे बऱ्याच जिममध्ये पहिल्या रेपपासून "उचल भाऊ, तुझंच आहे" म्हणत चार बोटं लावली जातात, आणि मग कुणाचं किती वजन गेलं ते कुणालाच कळत नाही. बोट लागलं की तो रेप मोजायचा नाही. मित्र नसेल तर रॅकचे आडवे गज छातीच्या जरा खाली लावा, म्हणजे अडकलेला रॉड त्यांच्यावर ठेवता येतो.

पाचवा सेट. चौथा रेप हळू, पण स्वतःचा. पाचवा छातीपासून चार बोटं वर येऊन थांबला. एक सेकंद. दोन. रॉड खाली यायला लागला, तेव्हाच मित्रानं हात घातला.

मग पुल-अप. जितकं ढकललं, तितकं ओढायचंही. हात पूर्ण सरळ करून लटकायचं, आधी खांदे खाली, मग कोपरं. हनुवटी दांड्याच्या वर, उतरताना तीन सेकंद. वर जाणं संपलं की स्टुलावरून चढून नुसतं उतरायचं.

बाहेर तर्री पोह्याच्या गाडीवर प्लेट धरलेला हात थरथरतोय. दुसऱ्या हातात पेन्सिल. वहीत आजची ओळ: 75 किलो. पाच, पाच, पाच, पाच, चार.