रिकाम्या दांडीचं वजन

नमस्कार. आज समोर बसलेल्यांपैकी निम्मे प्रशिक्षक आहेत आणि निम्मे नुकतेच व्यायामाला लागलेले, किंवा लागावं की नाही या विचारात असलेले, असं आयोजकांनी मला सांगितलंय. मी दुसऱ्या निम्म्यातली. वयाच्या 54व्या वर्षापर्यंत मी ठरवून असा व्यायाम कधी केला नव्हता. दोन मजले चढले की धाप लागायची. जमिनीवर बसलं की उठताना कशाला तरी धरावं लागायचं. हे वयाचंच, असं मी मनाशी धरून चालले होते.

माझी धाकटी बहीण ग्रुप फिटनेसचे वर्ग घेते. तिने एका फिटनेस कन्व्हेन्शनला दोघींची नावं परस्पर नोंदवली. "ताई, काही करू नकोस, नुसती बघ," म्हणाली. मी नाही म्हणाले, मग पुन्हा नाही म्हणाले आणि शेवटी तिच्या शब्दाखातर गेले. त्या तीन दिवसांत मला जे दिसलं, ते इथल्या प्रशिक्षकांना सांगावंसं वाटतं. कारण तुम्ही ज्या जागी उभे राहून शिकवता, तिथून ते दिसत नाही.

अशा कन्व्हेन्शनला येणारे बहुतेक लोक स्वतः शिकवणारे असतात. नवी तंत्रं शिकायची, प्रमाणपत्र चालू ठेवायला लागणारे तास भरायचे, ओळखी करायच्या, यासाठी ते येतात. त्यामुळे सगळी व्यवस्था येणाऱ्याला बरंच काही येतं असं धरूनच केलेली असते. वेळापत्रकात 'सर्व स्तरांसाठी' असं छापलेलं असतं खरं, पण त्या सर्व स्तरांत सगळ्यात खालचा स्तर कुठून सुरू होतो, हे कुणी नेमकं ठरवलेलं नसतं. माझी अडचण तिथेच सुरू झाली.

पहिल्याच सकाळी स्टेपचा, म्हणजे बुटक्या फळीवर संगीताच्या तालात चढ-उतार करण्याचा वर्ग होता. मोठं सभागृह, उंच स्टेज, कानाला माइक लावलेली प्रशिक्षक आणि समोर रांगेत मांडलेले शेकडो स्टेप. स्टेपच्या संगीताची एक बांधणी असते, ती मला बहिणीने नंतर समजावली. आठ-आठ ठोक्यांच्या चार ओळी मिळून 32 ठोक्यांचा एक तुकडा होतो आणि हालचालींची जुळणी त्या तुकड्यात बसवतात. चांगली प्रशिक्षक पुढची हालचाल ती सुरू होण्याआधीच, चालू ओळीच्या शेवटच्या चार ठोक्यांत सांगून मोकळी होते. शिवाय ती आपल्याकडे तोंड करून उभी असते, म्हणून आरशासारखी उलटी हलते. 'उजवा' म्हणते तेव्हा स्वतःचा डावा पाय उचलते, म्हणजे आपल्याला बघून उजवा उचलता यावा. किती सुंदर सोय आहे ही! पण मला ती ठाऊक नव्हती. मी तिचे पाय बघत होते, शब्द ऐकत होते आणि दोन्हींचा मेळ बसवता बसवता प्रत्येक वेळी शेजारणीच्या समोरून उलट्या दिशेला जात होते. चौथ्या-पाचव्या वेळेला मी थांबले. आजूबाजूला चारशे पाय एका ठोक्यावर पडत असताना एकटीने थांबणं फार जड जातं.

मग बहीण पुढच्या रांगेतून मागे आली. खाली वाकून तिने माझ्या स्टेपखालचे ठोकळे काढले. एकेक ठोकळा साधारण पाच सेंटीमीटरचा असतो. ते काढल्यावर नुसती फळी उरली, जेमतेम दहा सेंटीमीटर उंच. "हात सोडून दे. फक्त पाय. वर, वर, खाली, खाली," एवढंच म्हणाली आणि माझ्या शेजारी उभी राहून तेच करू लागली. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघींनी तेवढंच केलं. मला घाम आला, श्वास वाढला, पण ठोका चुकला नाही. त्या वर्गातला माझा व्यायाम तिथे सुरू झाला.

दुपारी प्रदर्शनाच्या दालनात एका स्टॉलवर शरीराची मोजणी चालली होती. यंत्रावर अनवाणी उभं राहायचं, दोन दांडे हातात धरायचे. शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह जातो, त्याला किती विरोध होतो ते मोजलं जातं आणि त्यावरून पाणी, स्नायू, चरबी यांचा अंदाज काढतात. अंदाजच तो. पाणी कमी-जास्त प्यायलं, नुकताच व्यायाम केला, तरी आकडे हलतात. मी तर घामाघूम होऊन वर्गातून आले होते. तिथल्या माणसाने कागद छापून काढला आणि चार लोकांसमोर मोठ्याने सांगितलं की माझ्या शरीराचं वय खऱ्या वयापेक्षा अकरा वर्षांनी जास्त आहे. त्यानंतर पूरक आहाराचे डबे विकायला काढले. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि बहिणीला म्हटलं, आपण घरी जाऊ. मला आजही तो प्रसंग आठवला की वाईट वाटतं, कारण मी तेव्हा खरंच परतले असते तर कायमचीच परतले असते. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाच्या हातात आकडा देताना तो त्याचं काय करणार आहे, याचा विचार करा हो.

दुसऱ्या दिवशी ताकदीच्या व्यायामाची कार्यशाळा होती. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन उठबस, शिकवत होते. माझी पाळी आली तेव्हा तरुण प्रशिक्षकाने बारबेलच्या, म्हणजे लांब लोखंडी दांडीच्या, दोन्ही बाजूंच्या प्लेट, म्हणजे वजनाच्या चकत्या, उतरवल्या आणि आपुलकीने म्हणाला, "काळजी करू नका, दांडी रिकामी आहे." मी खांद्यावर घेतली, खाली बसले आणि उठता येईना. त्याने आणि आणखी एकाने दांडी उचलून परत रॅकवर ठेवली. रिकामी दांडी 20 किलोची असते हे मला तेव्हा कळलं. त्याला ते माहीत होतंच. पण वजन मोजायला तो ज्या आकड्यापासून सुरुवात करायचा, त्याच्या आधीचा तो आकडा होता. त्याच्या लेखी तिथे काहीच नव्हतं.

कार्यशाळा घेणाऱ्या ज्येष्ठ बाई हे बघत होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. पहिला प्रश्न विचारला, "रोजच्या कामांत तुम्हाला कुठे अडतं?" मी म्हटलं, खाली बसून उठताना. त्यांनी एक बाक ओढला, त्यावर दोन जाड चटया टाकून उंची वाढवली आणि म्हणाल्या, "हात छातीशी. बसा, उठा. आठ वेळा." जमलं. "किती कठीण गेलं, दहापैकी?" मी म्हटलं, सहा. "मग तुमचं आजचं वजन हे."

नंतर त्यांनी सगळ्यांना थॉमस डिलॉर्म यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याचे हे डॉक्टर जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर उपचार करत होते. आराम आणि हलक्या हालचाली यांच्याऐवजी त्यांनी वजनं वापरली, हळूहळू वाढवत नेली आणि 1945 साली ती पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी ती दहा-दहा वेळा उचलण्याच्या तीन सेटमध्ये, म्हणजे फेऱ्यांत, बसवली. जे वजन दहा वेळा जेमतेम उचलता येतं ते ठरवायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊणपट आणि तिसरा पुरा. म्हणजे मोजमाप त्या माणसापासून सुरू होतं, लोखंडापासून नाही. मला हे ऐकताना फार बरं वाटलं.

आणि वयाचं म्हणाल, तर 1990 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. वृद्धाश्रमात राहणारी दहा माणसं, सरासरी वय 90. आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हा आकडा ऐकल्यावर मी पर्समधला तो घडी घातलेला कागद काढला आणि फाडून टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठवेना. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. काहीतरी फाटलं असणार, अशी भीती वाटली. नवख्या माणसाला या दुखण्याची आधी कल्पना द्यायलाच हवी. ते लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत चढतं आणि आपोआप उतरतं. त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडतात, पण ते व्यायामानंतर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, म्हणजे खाली बसताना, पायऱ्या उतरताना, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, तिचं हे दुखणं. सरावाने ते कमी होतं. पण सांधा एकाएकी दुखला, सूज आली किंवा छातीत दुखलं, तर ती गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. हा फरक मला कुणी आदल्या दिवशी सांगितला असता तर मी रात्रभर घाबरून जागी राहिले नसते.

परत आल्यावर मी सुरुवात किती छोटी केली, ते नवख्यांसाठी सांगते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुचवते. 150 ऐकून माझी छाती दडपली होती. पण एकेका वेळी निदान दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट 2020 च्या मार्गदर्शनात काढून टाकली आहे. चार मिनिटंही धरली जातात. मी चार मिनिटांनीच सुरुवात केली. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा वेग. आणि बाकावर चटया टाकून उठबस. दर पंधरवड्याला एक चटई कमी. मग बाक बुटका.

सात महिन्यांनी मी एका व्यायामशाळेत पुन्हा रॅकखाली उभी राहिले. प्लेट नव्हत्या. खाली गेले, वर आले, पाच वेळा. ट्रेनर मुलगी माझ्या वहीत नोंद करत होती. तिने 'रिकामी दांडी' असं लिहायला घेतलं. मी तिला थांबवलं. म्हटलं, वजन लिही. तिने वर पाहिलं, मग लिहिलं: 20 किलो, 5 वेळा.