बेलफास्टमधलं पंधराव्या वर्षीचं प्रेम

मंडळी, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये कॅथलिक मुलीचं आणि प्रोटेस्टंट मुलाचं जमू नये म्हणून कोणी कायदा केलेला नाही. तशी गरजच पडली नाही. दोघांची गाठ पडू नये, अशीच गावाची मांडणी आहे. कॅथलिक मुलं चर्चच्या शाळेत जातात, प्रोटेस्टंट मुलं बहुतेक सरकारी शाळेत. दोघांना मुद्दाम एकत्र शिकवणारी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, 1981 साली 28 मुलांवर सुरू झाली. आजही अशा शाळांत दर दहा मुलांमागे एकही पडत नाही.

तरी गाठ पडतेच. मग पहिल्या दहा मिनिटांत ओळखापाळख होते, तीही न विचारता. नाव शॉन की बिली? शाळेचा ब्लेझर कुठला? खेळ गेलिक फुटबॉल, म्हणजे खास आयरिश फुटबॉल, की रग्बी? ग्लासगोच्या क्लबांपैकी सेल्टिक की रेंजर्स? इंग्रजी वर्णमालेतलं आठवं अक्षर कॅथलिक मूल ‘हेच’ म्हणतं, प्रोटेस्टंट मूल ‘एच’. आपल्याकडे आडनाव कानावर पडताच मनात जे गणित सुरू होतं, तेच हे. फरक इतकाच की तिथे चेहरा, रंग, भाषा सगळं सारखं, म्हणून खुणा आणखी बारीक शोधाव्या लागतात.

भेटायचं कुठे? फॉल्स रोड कॅथलिकांचा, शँकिल रोड प्रोटेस्टंटांचा. दोन्ही रस्ते जवळपास समांतर आणि मध्ये 1969 पासून उभी राहत गेलेली भिंत. तिच्यातली काही फाटकं आजही रात्री बंद होतात. म्हणून उरतं ते शहराचं केंद्र, कारण दोन्हीकडच्या बस तिथेच येतात. पण सत्तरच्या दशकात याच केंद्राभोवती लोखंडी फाटकं आणि झडत्या होत्या, आणि दुकानं बंद झाली की संध्याकाळी तिथे शुकशुकाट. म्हणजे शनिवारची दुपार तेवढी हाती. पोरं पकडली जायची ती बहुधा घरी सोडायला जाण्याच्या हौसेपायी. परक्या वस्तीत अनोळखी मुलगा दिसला की बातमी त्याच्या आधी घरी पोचायची.

आता मूळ मुद्दा. घरच्यांचा राग पोरांच्या प्रेमापेक्षा पुढे होणाऱ्या नातवंडांवर असतो. जुन्या आयर्लंडमध्ये मिश्र लग्नात एक तोडगा चालायचा: मुलगे बापाच्या धर्मात, मुली आईच्या. रोमच्या, म्हणजे पोपच्या, ‘ने तेमेरे’ या फर्मानाने, ते 1908 च्या ईस्टरपासून लागू झालं, कॅथलिक धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांशिवाय झालेलं लग्न चर्चच्या लेखी लग्नच राहिलं नाही, आणि सगळी मुलं कॅथलिक करण्याच्या वचनाचा आग्रह वाढला. 1910 मध्ये बेलफास्टचं मॅक्कॅन प्रकरण गाजलं: प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका पंथाच्या, बायकोला सोडून कॅथलिक नवरा दोन्ही मुलं घेऊन गेला. आयरिश स्वराज्याच्या विरोधकांना, म्हणजे मुख्यतः प्रोटेस्टंटांना, आयतं हत्यार मिळालं. 1957 मध्ये तर वेक्सफर्ड परगण्यातल्या फेदर्ड या गावी मुली कॅथलिक शाळेत घालायला नकार देऊन प्रोटेस्टंट आई त्यांना घेऊन निघून गेली, आणि गावातल्या कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांच्या दुकानांवर महिनोन्‌महिने बहिष्कार टाकला. आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरांनी संसदेत त्याचा निषेध केला. आई-बापांच्या डोक्यात हा सगळा हिशेब असतो. पंधरा वर्षांच्या पोरीला मात्र ‘तो आपल्यातला नाही’ एवढंच ऐकवलं जातं.

1970 मध्ये रोमने नियम सैल केला, आणि आजची रीत त्यावरच उभी आहे. बिशपची परवानगी लागते. लेखी किंवा तोंडी वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो: आपल्या परीने शक्य तेवढं करून मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा देईन. दुसऱ्याने काही कबूल करायचं नसतं, त्याला हे वचन कळवलं की पुरे. लग्न प्रोटेस्टंट चर्चमध्ये लावायचं असेल तर कॅथलिक विधीतून वेगळी सूट मागावी लागते. इथेच जोडपी फसतात. नुसती परवानगी घ्यायची राहिली तर लग्न नियमबाह्य ठरतं, पण टिकतं. विधीची सूट मागायची राहिली तर चर्चच्या दृष्टीने ते झालेलंच नसतं. दोन धर्मविधी करून दोन्ही घरं खूश करायची युक्तीही चालत नाही, तशी स्पष्ट मनाई आहे.

वसईची कॅथलिक मुलगी आणि नगरकडचा प्रोटेस्टंट मुलगा यांनाही याच कलमांतून जावं लागतं. तिथे भिंत नाही, बहिष्कार नाही. बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र साखरपुड्याच्या बैठकीतच निघतो.