'शब्द देही झाला' म्हणजे नेमके काय झाले?

नमस्कार. योहानाच्या शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधील येशूच्या एका चरित्रातील, पहिल्या अध्यायाचे चौदावे वचन मराठी पवित्र शास्त्रात तीन शब्दांनी सुरू होते : 'शब्द देही झाला'. ख्रिस्ती लोक नाताळात जे साजरे करतात त्याचा गाभा या तीन शब्दांत आहे, आणि मराठी कानाला हे वाक्य नको तितके ओळखीचे वाटते. कारण 'देही' हा शब्द आपण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ऐकलेला असतो. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी नेसतो, तसा जीर्ण शरीरे सोडून नव्या शरीरांत जातो तो देही. तेथे देही वेगळा आणि देह वेगळा. देह हे वस्त्र. हाच अर्थ मनात धरून योहानाचे वचन वाचले, तर देवाने काही काळ माणसाचा अंगरखा घातला आणि काम संपताच तो उतरवून ठेवला, असे चित्र डोळ्यांपुढे येते. ख्रिस्ती परंपरेने सुरुवातीपासून नाकारले ते नेमके हेच चित्र.

मूळ ग्रीक वाक्य याहून खडबडीत आहे. 'शरीर' या अर्थाचा 'सोमा' हा शब्द हाताशी असताना योहानाने 'सार्क्स' लिहिले, म्हणजे मांस : थकणारे, दुखणारे, मरणारे. आणि हे मांस कोण झाला, तर 'लोगोस', म्हणजे शब्द. ज्याच्याविषयी याच अध्यायाचे पहिले वचन 'शब्द देव होता' असे सांगते. पुढे 'त्याने आमच्यामध्ये वस्ती केली' असे आपण वाचतो, तेथील ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचे आहे. वाळवंटात इस्राएल लोकांच्या तंबूंच्या मधोमध देवाचा निवासमंडप असे, त्याची आठवण त्या क्रियापदात आहे.

शुभवर्तमानांतील येशू या शब्दाला जागतो. शोमरोनातून जाताना तो दमून याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या परक्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. वादळात नावेत पाणी शिरत असताना तो मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून गाढ झोपलेला असतो. लाजराच्या कबरेकडे जाताना तो रडतो. दुसऱ्या एका शुभवर्तमानाचा लेखक लूक तर सांगतो, की तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. ज्ञानाने वाढणारा देव ही कल्पना पचायला सोपी नाही, आणि पहिल्या पिढ्यांतील अनेकांना ती पचली नाही. ख्रिस्ताचे शरीर, त्याचे दुःख हा सारा केवळ भास होता, असे काही जण म्हणू लागले. दुसऱ्या शतकाच्या आरंभी सिरियातील अंत्युखिया शहराचे बिशप इग्नेशियस यांना देहदंडासाठी साखळदंडांत रोमला नेले जात होते. वाटेत लिहिलेल्या पत्रांत त्यांनी विचारले, की तो दुःख भोगल्याचा नुसता भास असेल, तर मी या बेड्यांत कशासाठी आहे? या साऱ्या वादातला सर्वांत रोखठोक युक्तिवाद मला तरी हाच वाटतो.

चौथ्या शतकात वाद दुसऱ्या टोकाला गेला. अलेक्झांड्रियातील एरियस नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे असे, की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेला आहे, आणि तो नव्हता असा एक काळ होता. इ. स. 325 मध्ये निकिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक, येथे भरलेल्या बिशपांच्या महासभेने हे मत फेटाळले आणि पुत्र 'केलेला नव्हे, तर जन्मलेला' असून पित्याशी एकतत्त्व आहे असे जाहीर केले. वाद त्यानंतरही कित्येक दशके धुमसत राहिला, पण आपल्या विषयापुरते एवढे पुरे.

आपला अंगरखा खऱ्या अर्थाने पुढे येतो तो अपोलिनारिस यांच्या निमित्ताने. हे निकियाच्या बाजूचे, विद्वान बिशप. त्यांनी सुचवले, की ख्रिस्ताचे शरीर माणसाचे होते, मात्र माणसाच्या बुद्धीच्या जागी स्वतः शब्दच होता. ऐकायला हे सुटसुटीत वाटते : बाहेर माणूस, आत देव. त्याच शतकातील धर्मपंडित नाझियान्झसचे ग्रेगरी यांनी त्यावर लिहिलेल्या पत्रातील एक वाक्य तेव्हापासून आजवर सांगितले जाते. त्याचा आशय असा, की जे धारण केले गेले नाही, ते बरे झाले नाही. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे देव माणसाला बरे करण्यासाठी माणूस झाला. माणसाचा बिघाड काही केवळ हाडामांसात नसतो. तो बुद्धीत असतो, इच्छेत असतो, भीतीत असतो. देवाने बुद्धी वगळून शरीर तेवढे घेतले असेल, तर जेथे खरी जखम आहे तेथे औषध पोहोचलेच नाही.

इ. स. 451 च्या खाल्सेदोन महासभेने या सगळ्याला सूत्राचे रूप दिले : ख्रिस्त ही एकच व्यक्ती, पण तिचे स्वभाव दोन, पूर्ण देवत्व आणि पूर्ण मनुष्यत्व. हे दोन स्वभाव कसे एकत्र आहेत हे सांगताना सभेने ग्रीकमध्ये चार नकारार्थी शब्द ठेवले : मिसळ न होता, बदल न होता, भाग न पडता, वेगळे न होता. गूढ उकलल्याचा दावा या शब्दांत नाही. चारी बाजूंना कुंपण घालून आतली जागा त्यांनी मोकळी सोडली आहे. 'नेति नेति' ऐकलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. सूत्र सर्वांना मान्य झाले असे मात्र नाही. इजिप्तमधील कॉप्टिक, तसेच आर्मेनियन आणि सिरियन मंडळ्या (चर्च) वेगळ्या झाल्या. सुमारे पंधरा शतकांनी, 1973 मध्ये, रोमचे पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनुदा यांनी ख्रिस्ताविषयीची आपली समान श्रद्धा एका संयुक्त निवेदनात मांडली, तेव्हा भांडणाचा बराच भाग शब्दांचा होता हे दिसून आले.

आता आपल्याकडे सर्रास विचारला जाणारा प्रश्न : मग हा अवतारच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. मूळच्या इंग्लंडच्या, 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत सांगायची ठरवली, तेव्हा त्यांनी पुराणाचा साचा आणि ओवीचा छंद घेतला, आणि 1616 मध्ये रायतूर येथे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. परंपरांचे असे शेजारपण असताना तुलना होणारच. फरक सांगायचा तर 'संभवामि युगे युगे' मध्ये पुनःपुन्हा येण्याचे वचन आहे, तर ख्रिस्ती श्रद्धेत ही घटना एकदाच घडते. दुसरा फरक अधिक खोल आहे. रामानुजाचार्यांच्या मते अवतारातील भगवंताचे शरीर अप्राकृत असते, म्हणजे आपल्या शरीरासारखे प्रकृतीतून आणि कर्मातून आलेले नसते. भगवंताच्या शुद्धतेला तेच साजते. ख्रिस्ती मंडळीचा आग्रह नेमका उलट, की ते शरीर मरियेपासून घेतलेले, तुमच्या-माझ्यासारखेच होते, पाप तेवढे वगळून. दोन्हींकडे देवाचे प्रेमच सांगितले जाते, पण मार्ग वेगळे आहेत. म्हणून 'देहधारण' हा स्वतंत्र शब्द राखून ठेवणे मला बरे वाटते.

शेवटी पुन्हा त्या अंगरख्याकडे येऊ. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांपुढे उभा राहतो तेव्हा ते घाबरतात, त्यांना भूत दिसल्यासारखे वाटते. लूक सांगतो, की त्याने त्यांना आपले हातपाय दाखवले, खायला काही आहे काय असे विचारले, आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. योहानाच्या वृत्तांतात तो थोमा या शिष्याला खिळ्यांच्या खुणा असलेले हात दाखवतो आणि कुशीतील जखमेत हात घालायला सांगतो. काम संपले होते, आणि देह अजून अंगावर होता, जखमांसकट.