टोल पडू दे

(पहाट. शेवाळलेली कौलं, लांबून समुद्राची गाज. मग काळोख्या माजघराची भिंत.)

वेंगुर्ल्याजवळच्या या चिरेबंदी घरात वीज आली त्याच्याही आधीपासून हे घड्याळ इथं आहे. मुंबईला गिरणीत असलेल्या आजोबांनी ते बोटीनं आणलं. बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं आणि सामान पडावातून किनाऱ्याला यायचं. पडावात आजोबांनी घड्याळ मांडीवर धरलं होतं, असं घरात सांगतात.

माथ्यावरचा लाकडी घोडा पाहा. दोन्ही अंगांना कातलेले अर्धे खांब, खाली उलटे लोंबणारे कळस. मूळ घाट व्हिएन्नाचा. तिथली सुरुवातीची घड्याळं सरळ रेषांची, जवळजवळ बिननक्षीची होती. पुढे जर्मन कारखान्यांनी त्यावर खांब, कळस, घोडे, गरुड चढवले. आतल्या पितळी पत्र्यावर आठ टोकांची चांदणी आहे. जर्मनीतल्या श्रामबेर्ग गावात १८६१ साली सुरू झालेल्या युंगहान्स कारखान्याची ही खूण.

तबकडीवर रोमन आकडे. चारच्या जागी मात्र चार उभ्या रेघा, कारण घड्याळांच्या तबकडीवर चार असाच लिहायची जुनी रीत आहे. काट्यांचा निळा हा रंग नव्हे. पोलाद तापवलं की असं निळं होतं आणि हा थर गंजाला थोडा अटकाव करतो. खाऱ्या वाऱ्यात तो इतकी वर्षं टिकलाय.

लंबकावर दोन अक्षरं आहेत, आर आणि ए. घरातल्यांना ती कुणाच्या तरी नावाची वाटायची. ती फ्रेंच शब्दांची पहिली अक्षरं आहेत: आर म्हणजे मागे, ए म्हणजे पुढे. खालचं चाक फिरवून लंबक वर घेतला की झोका जलद, खाली सोडला की संथ. लंबकाचं हे सूत्र डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ साली घड्याळात आणलं. त्याआधीची यंत्रं दिवसाला पाव तास चुकायची.

(देवघर. पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी.)

घड्याळ हा आपला शब्द आला तो या घटकेवरून. वाटीच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्रीच्या अशा ६० घटका. या घरातली लग्नं याच वाटीवर लागली. शेवटचा क्षण तेवढा आवाजासकट पाहू.

(वाटी बुडते. निवेदन नाही.)

भिंतीवरचं घड्याळ अकरा वर्षं मुकं होतं. दुरुस्तीला नेलं तेव्हा एका दुकानात सल्ला मिळाला, आतलं काढून टाका, सेलचं मशीन बसवून देतो. आमची विनंती आहे, असं करू नका. बाजारपेठेतल्या या काकांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "बदलूक नको. धुवक व्हया."

कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, अजून जोर कोंडलेला असतो, तो आधी सोडवावा लागतो. नाहीतर चक्रांचे दात जातात, बोटंही. मग एकेक चक्र रॉकेलमध्ये. वर येणारा काळा गाळ पाहा, जुनं तेल आणि धूळ. भोकं ते बांबूच्या टोकदार काडीनं साफ करतात, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. झिजून लांबट झालेल्या भोकांत नवी पितळी बुशं. शेवटी तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

आणि हे टोलाचं चक्र. कडेला खाचा आहेत, त्यांच्यातलं अंतर वाढत जाणारं. दोन खाचांमध्ये जेवढी जागा, तेवढे ठोके. या चक्राला काटे दिसत नाहीत, ते फक्त मोजत जातं. म्हणून घाईनं काटा पुढे ढकलला आणि मधले टोल पडू दिले नाहीत, तर काटे तीन दाखवतात आणि ठोके सात पडतात. काका काटा हळूहळू फिरवतात. प्रत्येक तासाला थांबतात. अर्ध्या तासाला एक, तो धरून दिवसरात्रीचे १८० ठोके. चावी एकदा दिली की आठ दिवस.

वाडीतली कितीतरी घरं बंद झाली, तिथली घड्याळं जुन्या बाजारात गेली.

(पुन्हा माजघर. घड्याळ खिळ्यावर.)

पेटी तिरकी असेल तर टिकटिक लंगडते. काका डोळे मिटून ऐकतात, पेटी केसभर उजवीकडे सरकवतात. उजव्या भोकातली चावी वेळेची, डाव्यातली टोलाची. दोन्ही चाव्या आजींनी दिल्या.

सातला अर्धं मिनिट आहे.

(सातही टोल पूर्ण ऐकू द्यावेत. कॅमेरा आजींवर.)