वडिलांचं शाईचं पेन

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या कप्प्यात वडिलांचं एबोनाइटचं पेन सापडलं. टोपण निघेना, जुनी शाई आट्यांमध्ये चिकटून बसली होती. वाटीतल्या साध्या पाण्यात अर्धा तास ठेवलं, तेव्हा कुठे ते फिरलं. मग फक्त निब बुडेल इतक्या पाण्यात पेन उभं केलं. निबेच्या चिरेतून निळा धागा निघाला आणि वळत वळत तळाशी गेला. दोन दिवस पाणी बदलत राहिले, धागा येतच होता. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ राहिलं. निब सुती फडक्यावर टेकवून रात्रभर वाळवली, सकाळी शाई भरली आणि पेन लिहू लागलं. निब तीच, वडिलांची.

म्हणून कळकळीने सांगते, घरातलं जुनं पेन भंगारात घालू नका. बंद पडलेल्या कितीतरी पेनांची निब शाबूत असते, वाळलेल्या शाईने फक्त वाट बुजलेली असते. गरम पाणी मात्र टाळा. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक यांपासून केलेला कडक पदार्थ. गरम पाण्याने त्याची काळी झळाळी जाऊन तो तपकिरी पडतो.

निबेखाली चरे पाडलेली काळी पट्टी असते, शाळेत आम्ही तिला जीभ म्हणायचो. तिच्यातून शाई पुढे येते आणि त्याच वेळी हवा आत जाते. हवेला वाट मिळाली नाही तर शाई अडते, हवा जास्त झाली तर डाग पडतो. हे गणित अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी जमवलं आणि १८८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ड्रॉपरने भरायचं पेन शाई संपत आली की वहीवर थेंब टाकतं, त्याचं कारणही हवाच. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि उरलेली शाई बाहेर ढकलते. पाव पेन शाई उरली की लगेच भरावं, तळ दिसायची वाट पाहू नये.

आता नवीन पेन घेण्याबद्दल. दुकानात आपण सही करून बघतो. सही हाताच्या सवयीने होते, तिच्यावरून निब कळत नाही. मी 'चिंच' लिहून बघते. हलक्या हाताने दिलेला अनुस्वार उमटला पाहिजे. निब पहिल्या स्पर्शाला कचरत असेल तर 'चिच' होतं, आणि असं पेन मराठी लिहिणाऱ्याच्या कामाचं नाही. मग 'क्षण' आणि 'भरभर'. 'क्ष'ची आणि 'भ'ची गाठ शाईने भरून गेली तर निब जाड आहे. शेवटी पानभर लांब शिरोरेषा ओढायची, ती मध्ये तुटता कामा नये. आपल्या साध्या वहीच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे देवनागरीला बारीक निब बरी. जपानी पेनावरची 'फाइन' युरोपीय 'फाइन'पेक्षा साधारणपणे बारीक असते, हे लक्षात ठेवा.

सोन्याच्या निबेचं मला विचाराल, तर पहिल्या पेनासाठी तो खर्च करू नका. चौदा कॅरटच्या निबेत सोनं साडेअठ्ठावन्न टक्के असतं, पण कागदाला टेकतो तो टोकावर जोडलेला कठीण मिश्रधातूचा मणी. चांगल्या स्टीलच्या निबेलाही तसाच मणी असतो. सोन्याची निब थोडी लवचीक लागते एवढंच, आणि तेही प्रत्येक वेळी नाही.

बॉलपेनची सवय असेल तर हात हलका करावा लागेल. दाबून लिहिलं की निबेची दोन पाती फाकतात, ती पुन्हा जुळवणं जाणत्याचं काम. खरखर वाटली म्हणून निब पॉलिश पेपरवर घासत बसू नका, मण्याचा आकार गेला की गेला. आणि चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई यात कधीही भरू नका. ती जिभेत वाळली की साध्या पाण्याने सुटत नाही.

मोठ्या सुट्टीत गावी जाणार असाल तर पेन रिकामं करून, धुऊन ठेवा. एरवी शाईचा रंग बदलताना धुतलं तरी पुरे.

आजच्या भाषणाचं टिपण मी वडिलांच्या त्याच पेनाने लिहिलंय. पाच पानं झाली, एकही अनुस्वार सुटलेला नाही. नमस्कार.